सापडलेला दोष

आमच्या दुकानात दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक वस्तूला पुठ्ठ्याची एक चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली असते. तिच्यावर तीन रकाने. गिऱ्हाईकाची तक्रार, सापडलेला दोष, केलेलं काम. हे रकाने बाबांनी माझ्या जन्माच्या आधी आखले आणि तिन्ही भरल्याशिवाय वस्तू दुकानाबाहेर जात नाही. कितीही मोठा माणूस दारात घाई करत उभा असू दे, बाबा आधी पेन्सिलला टोक करणार.

आम्ही गाड्यांची मीटरं दुरुस्त करतो. वेगाचं, पेट्रोलचं, तेलाच्या दाबाचं, आणि जुन्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर असायची ती घड्याळं. मी लहानपणापासून चिमटा हातात धरून बाबांच्या शेजारी बसले, म्हणून माझं नाव चिमटी पडलं. आता मी एकोणपन्नास वर्षांची आहे तरी तेच चाललंय. असो.

मधल्या रकान्यात बाबांचा एक ठेवणीतला शब्द असायचा. एकदा एक गृहस्थ आरडाओरडा करत आले, पेट्रोलचा काटा कायम शून्यावर, तुमचं मीटर खोटं बोलतं. बाबांनी तपासलं. मीटर ठणठणीत. गृहस्थच कधी दोन लिटरच्या वर पेट्रोल भरत नव्हते. बाबांनी लिहिलं, सापडलेला दोष: चालक. केलेलं काम: समजावलं. गृहस्थ चिठ्ठी वाचून लालबुंद झाले आणि निघून गेले. तेव्हापासून तो शब्द घरातही आला. दूध उतू गेलं की मी आणि दादा ओरडायचो, दोष काय? चालक! आई म्हणायची, "चालक म्हणे! मग या, चालवा तुम्हीच गॅस." आणि खरंच बाहेर जाऊन बसायची.

आईला जाऊन चौदा महिने झाले. मी स्पष्टच सांगते, मला रडूबिडू काही आलं नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिली की ओठ कसा आपला नसल्यासारखा वाटतो, तसं सगळंच झालं. जेवते, झोपते, दुकान उघडते, दुकान बंद करते. लोक म्हणाले, किती धीराची आहे. कसला धीर! धीर धरायलाही आधी काहीतरी वाटावं लागतं.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की बाबांचं काय चाललंय हे माझ्या लक्षात कसं आलं नाही, असं दादा मला पुन्हा पुन्हा विचारतो. मी आणि बाबा दुकानाच्या वर, एकाच घरात राहतो. एकाच टेबलावर जेवतो. तरी नाही आलं लक्षात.

बाबांकडे एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. दोन सीटची, बुटकी, कधीकाळी लाल होती. आई म्हणायची, हिच्यात बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं, आणि बाहेर पडायला दोर लागतो. पण आई रोज तिच्यातच घरी यायची. ती वाचनालयात कामाला होती, सहाला सुटायची, आणि बाबा पाचला दुकानातून उठून तिला आणायला जायचे. तीस वर्षांत एक दिवस चुकला नाही. आई गेल्यावरही बाबा रोज पाचला गाडी काढतच राहिले. फेरफटका मारतात, बरंय, असं मी म्हटलं. कुठे जाता, हे विचारलं नाही.

मग भानगडी सुरू झाल्या. दाताच्या डॉक्टरकडे एक तास आधी पोचले आणि दार उघडत नाहीत म्हणून भांडले. न्हाव्याच्या बंद दुकानापुढे पाऊण तास उभे. दोन्ही वेळा म्हणाले, गाडीतलं घड्याळ पुढे जातं, त्यात माझा काय दोष? शेवटी एका संध्याकाळी घाईघाईने गाडी मागे घेताना त्यांनी शेजारच्यांच्या फाटकाचा खांब पाडला. खांबाच्या पलीकडे दोन हातांवर शेजाऱ्यांची नात मातीत खेळत बसली होती. तिला काही झालं नाही. पण दादाला कळलं.

दादा रविवारी वहिनीला घेऊन आला. माझा भाऊ दूर राहून सल्ले देण्यात पटाईत आहे, उंटावरून शेळ्या हाकतो, पण त्या दिवशी त्याचा आवाज कापत होता.

"बाबा, गाडीची किल्ली द्या," तो म्हणाला.

"का?"

"का म्हणजे? दोन हात इकडे असती तर ती पोर गेली असती!"

"घड्याळ पुढे जातं," बाबा म्हणाले. "मला वाटलं उशीर झाला. घाई झाली."

"नाचता येईना अंगण वाकडं!" दादा ओरडला. वहिनीने त्याचा हात दाबला.

बाबा शांतपणे माझ्याकडे वळले. "चिमटे, घड्याळ काढ आणि तपास. घड्याळात दोष निघाला तर गाडी माझी. नाही निघाला तर किल्ली याची. दुकानाची रीत आहे ती. आधी तपासायचं, मग बोलायचं."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चालेल. असं ठरलं, की मी घड्याळ नीट करून गाडीत बसवायचं आणि मग आठ दिवस ते पुढे जातं का बघायचं.

सोमवारी मी घड्याळ बाहेर काढलं. ही घड्याळं मोठी गमतीची असतात. आत स्प्रिंग असते, पण चावी द्यावी लागत नाही. दर दोनेक मिनिटांनी दोन पॉइंट एकमेकांना टेकतात, कॉइलला करंट मिळतो, ती स्प्रिंगला एक धक्का देते आणि गाडीत बसलेल्याला 'टक' असा आवाज येतो. लहानपणी मी त्या टकटकीची वाट बघत श्वास धरून बसायचे, आईच्या मांडीवर.

दुसरी गंमत म्हणजे हे घड्याळ शिकतं. मागे पडलं म्हणून तुम्ही नॉब ओढून काटा पुढे केलात, की आतली एक बारीक लिव्हर 'जलद'च्या बाजूला केसभर सरकते. काटा मागे घेतलात तर 'मंद'च्या बाजूला. म्हणजे चालकाने चार-सहा वेळा वेळ दुरुस्त केली, की घड्याळ आपोआप बिनचूक चालायला लागतं. बनवणारा हुशार होता. तो एकच गोष्ट धरून चालला होता, की नॉब फिरवणाऱ्याला खरी वेळ माहीत असणार.

मी डोळ्याला भिंग लावलं आणि मागचं झाकण काढलं. लिव्हर 'जलद'च्या टोकाला जाऊन टेकली होती. पार भिंतीला. कुणीतरी काटा पुढे केला होता, परत पुढे केला होता, आणि परत पुढे.

गाडी एकच माणूस चालवतो.

मी भिंग काढून थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं. समोरचा माणूस शिडीवर चढून पाटी पुसत होता. मला काही वाटलं नाही. मी लिव्हर चिमट्याने मधे आणली, पॉइंट थोडे काळे पडले होते ते घासले, तेलाचा थेंब दिला, आणि चिठ्ठीवर लिहिलं. तक्रार: पुढे जातं. सापडलेला दोष: पॉइंट खराब. केलेलं काम: पॉइंट घासले.

बाबा शेजारच्या स्टुलावर बसून माझं काम बघत होते. तेल जास्त झालं, कोपर टेकव, दिवा डावीकडून घे, सगळं चालू होतं. दुकानात त्यांचं डोकं लख्ख असतं. चिठ्ठी त्यांनी हातात घेतली, वाचली आणि परत ठेवली.

घड्याळ शुक्रवारपर्यंत टेबलावर चालवलं. चार दिवसांत अर्धं मिनिटही इकडचं तिकडे झालं नाही. शनिवारी मी ते गाडीत बसवलं, माझ्या मनगटी घड्याळाशी मिळवलं, आणि आठ दिवस मोजायला सुरुवात झाली.

गुरुवारी पाचला मी म्हटलं, "बाबा, मी पण येते."

"ये की," ते म्हणाले. खूश झाले.

मी विहिरीत उतरले. डॅशबोर्डवरचं घड्याळ माझ्या घड्याळाच्या जवळजवळ दोन तास पुढे होतं. खोटं कशाला बोलू, मी मनातल्या मनात म्हटलं, चूक माझीच असू दे. कुठला तरी स्क्रू सैल राहिला असू दे. तेल खरंच जास्त झालं असू दे. बत्तीस वर्षांच्या धंद्यात मी पहिल्यांदाच माझं काम वाईट निघावं अशी इच्छा धरली.

पहिल्या चौकात लाल दिवा लागला. बाबांनी घड्याळाकडे बघितलं, सहज हात पुढे केला, नॉब ओढला आणि काटा दहा मिनिटं पुढे सरकवला.

"हे काय करताय?" मी विचारलं.

"दहा मिनिटं पुढे ठेवतो गं. तुझ्या आईला उशीर खपत नाही, माहितीये ना तुला. पायरीवर पर्स दोन्ही हातांनी धरून उभी राहते. मग घरी येईपर्यंत अवाक्षर नाही."

दिवा हिरवा झाला. बाबा गाडी छान चालवत होते, हे मी सांगितलंच पाहिजे. गिअर लोण्यासारखे पडत होते. पुढच्या चौकात परत थांबलो. बाबांनी घड्याळाकडे बघितलं, जणू आज पहिल्यांदाच बघत होते, नॉब ओढला आणि काटा दहा मिनिटं पुढे केला.

मग मला सगळं समजलं. पूर्वीही ते घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवत, आईसाठी. तेव्हा एकदा केलं की केलं, आणि मधेअधे मागे घेऊन खऱ्या वेळेशी मिळवतही असत. आता केलेलं लक्षात राहत नव्हतं, म्हणून परत करत होते. आणि ते शहाणं घड्याळ दर वेळी शिकत होतं, की या माणसाला घाई आहे.

आई गेल्यावर थोड्याच दिवसांत वाचनालय दुसरीकडे हललं. इमारत बंद आहे, दाराला साखळी, पायऱ्यांवर कागद आणि पानं. बाबांनी बरोबर पायऱ्यांसमोर गाडी लावली. इंजिन चालूच ठेवलं. आम्ही बसून राहिलो. टक. थोड्या वेळाने पुन्हा टक. मी लहानपणीसारखी वाट बघत होते आणि श्वासही तसाच धरला होता, हे नंतर कळलं.

"आज वेळ लागतोय वाटतं," बाबा म्हणाले.

मी माझ्या मनगटी घड्याळात बघितलं.

मग ते माझ्याकडे वळले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "अगं, पण तू कशाला आलीस? सीट दोनच आहेत. ती कुठे बसणार?"

"हो की," मी म्हटलं. "माझ्या लक्षातच नाही आलं. मी उतरते."

आणि मी खरंच उतरले. फुटपाथवर जाऊन उभी राहिले. वारा होता. हातात पर्स होती, ती मी दोन्ही हातांनी धरली होती. मी इमारतीकडे बघत होते, बाबाही बघत होते. पाच मिनिटं झाली असतील, सात झाली असतील. मग बाबांनी आतून वाकून दार उघडलं.

"चिमटे, बाहेर काय करतेयस? वारं लागेल. बस."

मी बसले. त्यांनी गाडी वळवली. घरी येईपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही.

शनिवारी मी घड्याळ परत काढलं. झाकण उघडायची गरज नव्हती तरी उघडलं. लिव्हर पुन्हा टोकाला.

त्या रात्री झोप नेहमीसारखी लागली, पण उठताना मी ठरवूनच उठले. दादाला सांगायचं, घड्याळातच दोष आहे. जुना माल आहे, सुटा भाग मिळत नाही, शोधते आहे, महिना लागेल. महिनाभर बाबा पाचला जातील. पुढचं पुढे. मला माहीत होतं हे चूक आहे. शेजाऱ्यांची नात मलाही दिसते की रोज, नवीन खांबाला धरून गोल फिरत असते. पण किल्ली काढून घेतली तर पाच वाजता बाबा करणार काय? आई एकदा गेली ती गेली. आता मी माझ्या हाताने त्यांना सांगायचं, की तिला आणायला जायचं बंद करा? मला ते जमणार नव्हतं. कुणाला भित्री म्हणायचं असेल तर म्हणा.

रविवारी चारला दादा आणि वहिनी आले. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. बाबा स्टुलावर, मी टेबलाशी, मधे घड्याळ. त्याला नवीन चिठ्ठी बांधली होती. तक्रार मी भरली होती, पुढे जातं. बाकीचे दोन रकाने रिकामे.

"सांग बाई एकदाचं," दादा म्हणाला. "दोष घड्याळात आहे की नाही?"

"आहे," मी म्हटलं.

"नक्की?"

"पॉइंट पुन्हा गेले. सुटे भाग मागवायला लागतील. वेळ लागेल."

दादा माझ्याकडे बघत राहिला. त्याला या कामातलं ओ की ठो कळत नाही, मी काहीही सांगितलं तरी त्याला ऐकून घ्यावंच लागतं. वहिनी हळूच म्हणाली, "मग चांगलंच झालं ना. घड्याळाचंच होतं तर."

बाबांनी हात पुढे केला. "दे इकडे."

"कशाला बाबा, मी बघितलंय."

"चिमटे, दे."

मी दिलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, कोपर टेकवलं, दिवा डावीकडून घेतला. चार स्क्रू काढून ओळीत मांडले. हात जराही हलत नव्हते. झाकण बाजूला केलं आणि आत बघितलं. बराच वेळ बघितलं. दादा काहीतरी बोलायला लागला, वहिनीने त्याला गप्प केलं.

बाबांनी भिंग काढलं.

"पॉइंट खराब झाले तर घड्याळ थांबतं," ते म्हणाले. "पुढे कधीपासून जायला लागलं? हे शिकवलं मी तुला?"

मी खाली बघितलं.

"गेल्या वेळीही तू हेच लिहिलं होतंस. म्हटलं, पोरगी दमली असेल. लिव्हर तेव्हाही इथेच होती?"

"हो."

"तू मधे आणलीस?"

"हो, बाबा."

"आणि आठ दिवसांत परत टोकाला." त्यांनी बोटांवर मोजलं, एकदा, दोनदा, मग सोडून दिलं. "म्हणजे कुणीतरी दिवसातून दोन-तीन वेळा काटा पुढे करतंय. गाडी कोण चालवतं?"

समोरच्या भिंतीवरच्या खणांना बाबांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या, स्प्रिंग, काटे, काचा, बारीक स्क्रू. मी त्या वाचत राहिले. दादाने तोंड फिरवलं होतं.

"मी कुठे जातो गं रोज?" बाबांनी विचारलं.

"वाचनालयात," मी म्हटलं.

"बंद झालं ना ते?"

"हो."

बाबांनी मान हलवली. मग चिठ्ठी पुढे ओढली, पेन्सिल उचलली, आधी तिला टोक केलं आणि मधल्या रकान्यात त्यांच्या त्या ठसठशीत अक्षरात एक शब्द लिहिला.

चालक.

मग खिशातून किल्ली काढली. दादा हात पुढे करून उभा होता, पण त्यांनी ती त्याच्या हातात नाही दिली. चिठ्ठीवर ठेवली आणि चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. "तिसरा रकाना भर."

"राहू दे ना बाबा."

"रिकामा ठेवायचा नाही. रीत आहे."

माझी पेन्सिल चालेना. चौदा महिने मला काही झालं नव्हतं. सुई उतरताना ओठ दुखायला लागतो ना, तसं सगळीकडून एकदम दुखायला लागलं. मी लिहिलं, किल्ली जमा. अक्षर कसंबसं आलं.

बाबांनी चिठ्ठी लांब धरून वाचली. "अक्षर घाणेरडं आहे तुझं," ते म्हणाले, आणि दोरा आवळून नीट गाठ मारली. दादाने किल्ली उचलली. वहिनी चहा करायला वर गेली.

मी टेबल आवरायला घेतलं. बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, पाचला दोन मिनिटं कमी होती. ते स्टुलावरून उठले, कोट चढवला आणि खिसे चाचपायला लागले. आधी उजवा, मग डावा, मग पुन्हा उजवा.

"चिमटे," ते म्हणाले, "माझी किल्ली कुठे बघितलीस का?"